जेमतेम मार्कांचं पोर आणि परवडणारं कॉलेज

मी त्र्यंबकेश्वरहून बोलतोय. कुशावर्ताकडे जाणाऱ्या गल्लीत माझं पूजेच्या सामानाचं दुकान आहे. म्हणजे शिक्षणातला मी कुणी तज्ज्ञ नाही, आधीच सांगतो. मागून घंटेचा आवाज आला, कुणी "कापूर आहे का" म्हणून ओरडलं, तर समजून घ्या. दोन मुलांच्या ॲडमिशनमधून गेलोय. एकाच्या वेळी तोंडावर आपटलो, दुसरीच्या वेळी जरा शहाणपणानं वागलो, म्हणून मला इथे बोलायला बोलावलंय.

२०२५ साली बारावीचा निकाल ५ मे ला लागला. राज्याचा निकाल ९१.८८ टक्के. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो कुणाचे, तर पंच्याण्णववाल्यांचे, आई पेढा भरवतेय असे. चांगलंच आहे. पण माझ्या दुकानात जे बाप येतात ना, त्यांना "काय झालं निकालाचं?" विचारलं की आधी खोकतात. मग हळूच म्हणतात, "झाला पास. जेमतेम." बावन्न, अठ्ठावन्न, एकसष्ट. बहुतेक घरांत हेच आहे. या पोरांसाठी कुणी सेमिनार घेत नाही. त्यांच्यासाठी फोन येतात फक्त एजंटांचे.

असाच एक फोन मला २०१६ साली आला होता.

थोरला तेव्हा बारावी सायन्स झाला होता. चोपन्न टक्के. फिजिक्सनं लाज राखली, गणितानं घालवली. त्याला विचाराल तर त्याला वायरिंग, मोटारी, मिक्सर उघडून बसणं आवडायचं. आम्ही म्हटलं, म्हणजे इंजिनिअरिंगच की! आता बघा, मिक्सर उघडणं वेगळं आणि इंजिनिअरिंगचं गणित वेगळं, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. फोनवरचा माणूस म्हणाला, "काका, कॅप राउंडच्या भानगडीत पडू नका, सीट जाईल. आम्ही डायरेक्ट करून देतो." मी घाबरलो. पन्नास हजार रोख दिले आणि एका खासगी कॉलेजात नाव घातलं. कॉलेजचं नाव घेत नाही, त्याची गरजही नाही, असली कॉलेजं पुष्कळ आहेत.

दोन वर्षांत साडेतीन लाख गेले. फी, रूम, मेस, बॅकलॉगच्या परीक्षांची फी. एम-वन राहिला, एम-टू राहिला, मग इयर डाउन. पोरगं घरी आलं की जेवायला खाली यायचं नाही. एके रात्री बायको म्हणाली, "फी जाऊ द्या, पोरगं बघा." दुसऱ्या दिवशी जाऊन नाव काढलं. कर्जाचे हप्ते मात्र २०२३ पर्यंत चालू होते. म्हणजे मी शिकवणं बंद केल्यावर पाच वर्षं मी त्या शिक्षणाचे पैसे भरत होतो.

एजंटनं जे केलं त्याचा खरा तोटा मला पुढे कळला, तो आधी सांगतो, कारण या महिन्यात तुमच्यापैकी कुणाला तरी तसाच फोन येणार आहे. आपल्याकडे व्यावसायिक अभ्यासक्रमांना, म्हणजे इंजिनिअरिंग, फार्मसी, एमबीए वगैरेंना, सरकारच्या ज्या फी सवलती आणि शिष्यवृत्त्या आहेत, त्या साधारणपणे कॅपमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, सीट घेतली तरच मिळतात. मॅनेजमेंट कोट्यातून घेतली की संपलं. राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती घ्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर निम्मी शिक्षण फी भरली जाते. पण सीट कॅपची पाहिजे. मी पन्नास हजार देऊन काय विकत घेतलं, तर शिष्यवृत्तीला अर्ज करायचा हक्क घालवणं विकत घेतलं. आणि ती सीट काही दुर्मीळ वगैरे नव्हती. त्या वर्गात शेवटपर्यंत बाकं रिकामी होती, पोरगंच सांगायचं.

मुलींसाठी तर जुलै २०२४ मध्ये मोठा निर्णय झालाय. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरातली मुलगी असेल, उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाला कॅपमधून प्रवेश असेल, तर शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ. पण यात दोन खाचाखोचा आहेत. एक म्हणजे खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळलेली आहेत. बाहेर कमान मोठी असते, बोर्डावर 'विद्यापीठ' लिहिलेलं असतं, आणि आपण समजतो की हे जास्त भारी. माफी तिथे लागू नाही. दुसरी म्हणजे डेव्हलपमेंट फी यात येत नाही, ती भरावी लागते. म्हणून "फ्री आहे हो" ऐकून खिसा रिकामा घेऊन जाऊ नका.

कुठल्या कॉलेजची फी खरोखर किती, हे कॉलेजच्या काउंटरवर विचारायचंच नाही, असं मी आता म्हणतो. म्हणजे विचारा, पण नंतर. आधी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या वेबसाइटवर बघा. विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी तिथे ठरते आणि कॉलेजवार, कोर्सवार टाकलेली असते. काउंटरवर सांगितलेला आकडा आणि तिथला आकडा समोरासमोर ठेवा. फरक निघाला तर "हा कशाचा?" एवढंच विचारा. समोरचा माणूस बदलतो, अनुभव आहे.

आता साध्या पदवीकडे येतो, कारण आपल्यातल्या जास्त मुलांना तिकडेच जायचंय. बीए, बीकॉम, बीएस्सी. इथे एक गोष्ट मला पन्नाशीत कळली. एकाच कॉलेजात, एकाच इमारतीत, एका जिन्यानं वर गेलं की अनुदानित वर्ग असतो आणि दुसऱ्या जिन्यानं गेलं की विनाअनुदानित. अनुदानित तुकडीत शिक्षकांचा पगार सरकार देतं, फी वर्षाला काही हजारांत भागते. शेजारच्या वर्गात, बीबीए म्हणा, कॉम्प्युटरवाला कोर्स म्हणा, त्याच्या कितीतरी पट. कोर्सच्या नावात 'मॅनेजमेंट', 'कॉम्प्युटर' असं काही आलं की आपल्याला वाटतं पोराचं भलं होणार. पन्नास-पंचावन्न टक्केवाल्या पोराला त्यात खरंच रस असेल तर जरूर घाला. पण "नुसतं बीकॉम काय सांगायचं लोकांना" म्हणून घालत असाल तर ती फी लोकांसाठी भरताय तुम्ही. शिवाय बीबीए, बीसीएला २०२४ पासून सीईटी लागली आहे. पहिल्या वर्षी बऱ्याच पालकांना ते माहीतच नव्हतं, मुलं कमी बसली, मग त्याच वर्षी दुसऱ्यांदा सीईटी घ्यावी लागली.

नाशिक त्या बाबतीत नशीबवान आहे. मराठा विद्या प्रसारक समाज १९१४ चा, गोखले एज्युकेशन सोसायटी १९१८ ची. गंगापूर रोडला केटीएचएम, कॉलेज रोडला एचपीटी. कुसुमाग्रज एचपीटीत शिकले, वसंत कानेटकर तिथे शिकवायचे. आमच्या पिढीला एचपीटी म्हटलं की छाती फुगायची. पण अशा नावाजलेल्या ठिकाणी मेरिट वर जातं, आणि प्रवेश मिळालाच तरी शंभर-सव्वाशेच्या वर्गात आपलं पोर मागच्या बाकावर जाऊन बसतं. हुशार पोरगं कुठेही शिकतं हो. जेमतेम पोराला नाव घेऊन हाक मारणारा मास्तर लागतो. ही माझी समजूत आहे, चुकीचीही असेल.

धाकटीच्या वेळी हीच चर्चा घरात आठवडाभर चालली. २०२३ साली ती कॉमर्सला सत्तावन्न टक्के घेऊन पास झाली. तिला कॉलेज रोड पाहिजे होता. बायकोचंही तेच मत, "पोरगी जरा बाहेर पडू द्या." मविप्रचं कला, वाणिज्य आणि विज्ञान महाविद्यालय आपल्या त्र्यंबकमध्येच आहे, पण गावातलं म्हणून त्याचा कुणी विचारच करत नव्हतं. मी बिलबुकाच्या पाठीमागे हिशेब मांडला. फीचा नाही, वेळेचा. त्र्यंबक ते नाशिक जुनं सीबीएस अठ्ठावीस-तीस किलोमीटर. एसटीचा विद्यार्थी पास स्वस्त पडतो, दोन तृतीयांश सवलत असते, सिटीलिंकच्या बसही त्र्यंबकपर्यंत येतात. म्हणजे पैशाचा प्रश्न तसा नाही. पण पहिलं लेक्चर साडेसातला असेल तर घरातून सहाच्या आत निघायचं. परत यायला दुपारचे दोन. पावसाळ्यात आपल्याकडे पाऊस कसा असतो ते सांगायला नको. श्रावणी सोमवारी रस्ता बंद, तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला तर विचारूच नका. त्यात आता २०२७ चा सिंहस्थ येतोय, रस्त्याची कामं चालू. २०२५ साली ज्या मुलांनी प्रवेश घेतला त्यांचं तिसरं वर्ष ऐन सिंहस्थात येणार आहे. शाही स्नानाच्या दिवशी परीक्षा आली तर पोरगी कुठून जाणार? हसू नका, २०१५ ला किती तारांबळ उडाली होती ते मी पाहिलंय.

हिशेब दाखवला तर पोरगी रडली. मग दोन दिवसांनी तीच म्हणाली, "गावात घेते, पण मला बाराच्या पुढे मोकळं सोडायचं. दुकानात बसवायचं नाही." मान्य केलं. ती सकाळी कॉलेज करते, दुपारी दोन लॉजचे हिशेब लिहिते. यात्रेकरूंमुळे गावात लॉज, भक्तनिवास, खानावळी भरपूर, आणि जीएसटीचं नाव काढलं की सगळ्यांना घाम. शनिवार-रविवार नाशिकला अकाउंटिंगच्या क्लासला जाते, तो खर्च ती स्वतः काढते. पहिल्या वर्षी एका विषयात एटीकेटी लागली. लागली तर लागली, पण सरांनी मला दुकानात येऊन सांगितलं. नारळ घ्यायला आले होते, जाता जाता म्हणाले, "तिचं ते बेसिक कच्चं आहे, परीक्षेआधी महिनाभर पाठवा, बघतो." थोरल्याच्या कॉलेजात दोन वर्षांत त्याचं नाव किती जणांना माहीत होतं कुणास ठाऊक.

सगळं गोड आहे असं नाही. इंग्रजी बोलायचा सराव गावात होत नाही. कंपन्या कॅम्पसवर येत नाहीत. विषयांची निवड कमी. आणि ती आजही कॉलेज रोडवरून बस गेली की खिडकीतून बघत बसते, ते मला दिसतं. आता तिसरं वर्ष सुरू होईल. पुढे एमकॉमला नाशिकला जाईन म्हणते. जाऊ दे. तोवर कर्ज नाही डोक्यावर.

थोरल्याचं सांगायचं राहिलं. २०१८ ला त्याने सातपूरच्या आयटीआयला इलेक्ट्रिशियनला नाव घातलं. त्र्यंबक रोडवरचीच ती, आयटीआय सिग्नल म्हणतात तोच. नात्यातले लोक म्हणाले, "इंजिनिअर होणार होता, वायरमन झाला." त्याने ऐकून घेतलं. दोन वर्षं, फी नगण्य, पहिल्या महिन्यापासून हातात पकड आणि टेस्टर. आयटीआयला गणित नाही असं नाही, पण ते वायरच्या टोकाला दिसतं. मग सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत ॲप्रेंटिस, आता एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. नोकरी करता करता यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीए करतोय. हे विद्यापीठ १९८९ पासून आपल्या नाशिकात, गंगापूर धरणाजवळ आहे, आणि आपल्याच लोकांना ते शेवटी आठवतं. पदवी यूजीसीमान्य आहे, मराठीतून करता येते, स्पर्धा परीक्षेला चालते. नोकरी किंवा शेती सोडता येत नसलेल्या पोराला याच्याइतकं परवडणारं दुसरं मला माहीत नाही. फक्त स्वतःहून पुस्तक उघडायची सवय लागते. ती नसेल तर मुक्त विद्यापीठ म्हणजे मुक्तच राहतं.

दहावीची मुलं असलेले कुणी ऐकत असतील तर त्यांना एक वेगळं सांगतो. इंजिनिअरिंगचीच हौस असेल तर डिप्लोमाचा रस्ता बघा. दहावीच्या मार्कांवर प्रवेश, सीईटी नाही. नाशिकला सामनगाव रोडला शासकीय तंत्रनिकेतन आहे, खासगीच्या मानानं फी अगदीच थोडी. तीन वर्षांत पोराला इंजिनिअरिंग झेपतंय की नाही ते कळतं. झेपलं तर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जातं, नाही झेपलं तर हातात डिप्लोमा असतोच. थोरल्याचं मी हेच करायला हवं होतं. पण दहावीला त्याला बासष्ट होते, आणि बासष्टवाल्यानं सायन्स घ्यायचं असं कुणीतरी ठरवून ठेवलंय.

कॅपबद्दल २०२५ चा एक बदल ध्यानात ठेवा. इंजिनिअरिंगला २०२५ साली चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर ते घ्यावंच लागत होतं. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्यात पहिल्या सहापैकी मिळालं की तेच. म्हणजे सायबर कॅफेवाल्याला "भरून टाक दादा" म्हणून फॉर्म सोपवायचा नाही. गेल्या वर्षीचे कटऑफ सीईटी सेलच्या साइटवर आहेत. ते काढा, आपल्या पर्सेंटाइलच्या थोडं वरचे, बरोबरीचे, खालचे असे स्वतः बसून क्रम लावा. आणि परवडत नाही ते कॉलेज यादीत शोभेला टाकू नका. लागलं तर?

कॉलेज बघायला जाल तर ॲडमिशनच्या दिवशी जाऊ नका, त्या दिवशी सगळी कॉलेजं छान असतात. सत्र चालू असताना साध्या मंगळवारी अकराला जा. वर्गात पोरं आहेत का, लायब्ररीत पुस्तकांवर धूळ आहे का, मुलींचं स्वच्छतागृह कसं आहे. मग गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर अर्धा तास बसा. सेकंड इयरच्या पोरांना विचारा, "सर लोक येतात का? तासिका तत्त्वावरचे किती? एटीकेटी किती जणांना?" माहितीपत्रकात जे नसतं ते टपरीवर मिळतं. चहा त्या पोरांचाही आपणच द्यायचा.

आपला तालुका आदिवासी, म्हणून हेही बोललं पाहिजे. एसटी प्रवर्गातल्या मुलांना पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती आहे, नाशिकला शासकीय वसतिगृहं आहेत, वसतिगृहात नंबर लागला नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजनेतून राहण्या-जेवण्याचे पैसे खात्यावर येतात. एससीसाठी स्वाधार आहे. पण सगळं अडतं जात पडताळणीवर. बारावीनंतर धावपळ करून उपयोग नाही, अकरावीतच अर्ज टाका. गेल्या वर्षी आमच्या ओळखीतल्या एका पोराची सीट केवळ वैधता प्रमाणपत्र वेळेत आलं नाही म्हणून खुल्या प्रवर्गात गेली आणि फी एकदम अंगावर आली. भात लावणी सोडून बाप आठ दिवस नाशिकला खेटे घालत होता. २०२५ च्या प्रवेशाला नॉन-क्रीमी लेअर ३१ मार्च २०२६ पर्यंत वैध असलेलं लागत होतं, जुनं चालत नाही, तेही बघून घ्या.

बँकेच्या कर्जाबद्दल थोडक्यात. केंद्राची पीएम विद्यालक्ष्मी योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये आली, जाहिरात पाहून माझ्याकडे तिघं आले. पण आली तेव्हा ती देशातल्या वरच्या ८६० संस्थांसाठी होती. आपली पोरं तिथे पोचत नाहीत, तर योजना आपल्यापर्यंत कशी पोचणार?

आणि चुकून भरलीच फी, आणि दुसरीकडे बरं कॉलेज मिळालं, तर घाबरू नका. यूजीसीनं २०२४ साली सांगितलं होतं की ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत, ३१ ऑक्टोबरपर्यंत केला तर जास्तीत जास्त हजार रुपये कापायचे. यंदाचं परिपत्रक आलं की तारखा बघून घ्या. मूळ कागदपत्रं कॉलेजला अडवून ठेवता येत नाहीत, तपासून लगेच परत द्यायची असतात. मी २०१८ ला थोरल्याची मार्कशीट सोडवायला तीन चकरा मारल्या आणि हात जोडले. हात जोडायचे नव्हते, अर्ज लिहून पोच घ्यायची होती.

येत्या मंगळवारी भाच्याला घेऊन सातपूर आणि सामनगाव, दोन्हीकडे जाऊन येणार आहे. दहावीला एकोणसाठ आहेत त्याला. बहीण अजून सायन्स म्हणतेय, भाचा काहीच म्हणत नाही. बसमध्ये शेजारी बसवून विचारीन म्हणतो. कुणाला सोबत यायचं असेल, किंवा फॉर्मचा क्रम लावायला बसायचं असेल, तर दुकानावर या. सकाळी अभिषेकवाल्यांची गर्दी असते, दुपारी दोन ते चार मी रिकामाच असतो. मार्कशीट, उत्पन्नाचा दाखला आणि गेल्या वर्षीच्या कटऑफची प्रिंट घेऊन या. पोरालाही आणा बरं का. परवा एक जण आले, पोराला घरीच ठेवून.